अंबाड्यातला टेस्टर आणि कमरेचा फ्यूज

नागमणी अक्कांच्या अंबाड्यात एका बाजूला मोगऱ्याचा गजरा असायचा आणि दुसऱ्या बाजूनं टेस्टर खोचलेला. गजरा रोज ताजा, टेस्टर मात्र जुनाच, पिवळ्या दांडीचा. साधी सुती साडी, तिच्यावर पुरुषी फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कमरेला कापडी चंची, आमच्याकडच्या म्हाताऱ्या पान-सुपारीसाठी लावायच्या तसली. अक्का पान खात नव्हत्या. मग चंची कशाला, ते ओघात येईलच.

अक्का मूळच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या. माहेर विणकरांचं, सासरही विणकरांचं, घरात तेलुगू. नवऱ्यानं मात्र माग सोडून लायटिंगचा धंदा काढला होता. लग्नाचे मांडव, गणपती, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतली दुकानं, सगळीकडं त्यांच्या दिव्यांच्या माळा. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं आता ही बाई माळा विकून टाकेल. अक्कांनी शिडी विकली नाही की माळा विकल्या नाहीत. नवऱ्याचा शर्ट घातला आणि स्वतःच वर चढल्या. बाईमाणूस शिडीवर चढलंय म्हणून खाली माणसं जमायची. अक्का वरूनच म्हणायच्या, "बघताय तर शिडी धरा की. फुकट कशाला बघताय?"

लेकीचं लग्न हैदराबादला झाल्यावर त्या आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन एकट्या राहायला आल्या. आमची ओळख झाली ती पाण्यावरून. म्हणजे सोलापुरात भांडणं होतात पाण्यावरून, आमची ओळख झाली.

त्याचं असं झालं. ह्यांना अर्धांगाचा झटका आला, ऐन उन्हाळ्यात. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बोलणं शाबूत होतं, हातही हळूहळू हलायला लागला होता. डाव्या पायाची मात्र जाणीव गेली. पायात जोर होता, पण पाऊल जमिनीला टेकलंय का अधांतरी आहे, हे ह्यांना कळायचंच नाही. डोळ्यांनी बघितलं तरच कळायचं. डॉक्टर म्हणाले, पायाला पुन्हा पहिलीत बसवायचं आहे असं समजा. पाण्यात चालवा, पाण्यात पडायची भीती नाही. पण आत्ताच, हे काही महिने गेले की पाय शिकायचा नाही, मग चाकाची खुर्ची.

खुर्ची म्हटल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. माढ्याला शाळेत इतकी वर्षं शिकवलं, वर्गात कधी खुर्चीवर बसले नाहीत. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत येरझाऱ्या घालत शिकवायचे. पोरं म्हणायची, सरांच्या तासाला मान दुखते.

महेश, आमचा मुलगा, पुण्याला असतो. त्यानं मनावर घेतलं. मागच्या अंगणात जुना मोठा हौद होता, तो आणखी वाढवून छातीभर पाण्याचा तलाव करून घेतला. उतरायला रुंद पायऱ्या, धरायला दांडा. पलीकडच्या भिंतीतून दगडी ओठावरून पाण्याचा पडदा पडेल अशी सोय. हे तेवढं त्याच्या हौसेचं, पण व्यायाम घ्यायला येणारी रेश्मा म्हणाली की खांद्यावर पाणी पडलेलं चांगलंच. बोअरचं पाणी, मचूळ आणि जड. आणि पाण्याच्या आत भिंतीला दिवे, कारण दिवसा त्या फरशीवर पाय ठेवायची सोय नाही इतकं ऊन, आणि रेश्मा दवाखान्यातून सुटून यायची ती दिवेलागणीलाच.

कॉलनीत चर्चा सुरू झाली. नळाला पाणी कधी येईल ते कुणाला सांगता येत नाही, लोक घागरी घेऊन उभे, आणि जोशीसरांच्या घरी धबधबा! समोरच्या बिराजदार काकू माझ्या तोंडावर म्हणाल्या, "आता होड्या कधी सोडताय?" खरं कारण सांगायला लागलं की ह्यांना राग यायचा, दारोदार माझा पाय सांगत फिरू नकोस म्हणायचे.

आणि एवढं करून दिवे लावले तर उजेड कसला, चिमणीचा. भिंतीपाशी पिवळट ठिपका दिसायचा, तळ दिसायचाच नाही. हे दुसऱ्या पायरीवर जाऊन थांबायचे. खाली बघायचे, पाऊल दिसायचं नाही, की परत फिरायचे. ज्यानं दिवे बसवले तो फोनवर म्हणाला, पाण्याखाली एवढाच दिसतो काकू, सवय होईल. महेश म्हणाला, काचा पुसून बघ, आपल्या पाण्याचा क्षार बसत असेल. मी पुसल्या. काही फरक नाही.

अशात एका संध्याकाळी अक्का मागच्या दारातून आल्या. न बोलावता. धबधबा बघायला आले म्हणाल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वैनी, हे दिवे लावलेत का इजवायला टाकलेत पाण्यात?"

हे पायरीवर बसले होते, ते हसले. आजारपणानंतर इतक्या मोकळेपणी पहिल्यांदाच हसले असतील.

मी दिवे बसवणाऱ्याला चार शब्द ऐकवायला लागले, दिवेच हलके दिले म्हटलं. अक्कांनी मला थांबवलं. "दिव्याला नावं ठेवू नका. दिव्याच्या मागं बघा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नंतर ते मी इतक्यांदा ऐकलं की स्वयंपाकघरातही म्हणायला लागले, भाजी खारट झाली तर मिठाच्या मागं बघा.

त्या दिव्याच्या वायरीला हात लावून निघाल्या. खरंच सांगते, आंधळं माणूस भिंत चाचपत जातं तशा. वायर भिंतीच्या कडेनं, मोरीच्या वरून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, बोळातून थेट पुढच्या पोर्चमध्ये. तिथं मीटरजवळ ट्रान्सफॉर्मरची पेटी, चांगली सावलीत बसवलेली. अक्का पेटीपाशी पोचल्या आणि हसल्या. म्हणाल्या, एवढ्या लांबनं आल्यावर करंटला दम लागणारच की. आणि वायर पण कसली, करदोड्यासारखी. "तुमी सात रस्त्यापासनं चालत आलात वैनी, तर आल्या आल्या गाणं म्हणाल का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी काढून मागच्या भिंतीला छपराखाली आणली आणि जाड वायर टाकली. कामाला हात घालायच्या आधी त्यांनी काय केलं, तर त्या दिव्यांचा पांढरा चिनीमातीचा फ्यूज उपसला आणि चंचीत घालून दोरी ओढली. तेव्हा कळलं चंची कशासाठी. हे म्हणाले, "अक्का, बटण बंद केलं की झालं. फ्यूज कमरेला कशाला?"

"बटण कोण पण चालू करतंय सर," अक्का म्हणाल्या. "ह्यो माझ्याजवळ असला की माणूस टिकतो."

आणखी एक नियम होता. लाईट लागल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. मी कप नेला तसा परत पाठवला. संध्याकाळी फ्यूज बसवला, बटण दाबलं, आणि काय सांगू, सगळं पाणी आतून उजळलं. तळाच्या फरशीची एकेक रेघ दिसायला लागली. पडद्यासारखं पडणारं पाणी काचेच्या बांगड्या ओतल्यासारखं चमकत होतं. रेश्मा ह्यांचा हात धरून खाली उतरली. ह्यांनी खाली बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. "अगं, हा बघ माझा डावा पाय," मला म्हणाले, जसं काही पाहुणा बऱ्याच दिवसांनी गावाला आलाय. मग तो पाय उचलला, नजरेनं धरून पुढं ठेवला, आणि टेकला.

मी चहा आणायला वळले तर अक्का म्हणाल्या, चहा नंतर, आधी देवघरातलं हळद-कुंकू आणा. पायरीवर बसून त्यांनी पाण्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, गजऱ्यातलं एक फूल काढून सोडलं, डोळे मिटून तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. मग बशीत ओतून चहा प्यायल्या.

त्या चंचीवरून अक्कांची सगळीकडं थट्टा व्हायची. एकदा एका कार्यालयात लग्नाच्या संध्याकाळी काहीतरी बिघडलं, अक्कांनी फ्यूज काढला, दुरुस्ती केली, आणि नवऱ्या मुलाच्या मामानं कुण्या बाईनं फ्यूज का काढला म्हणून आवाज चढवला. अक्का शिडी उचलून घरी आल्या, फ्यूज कमरेलाच. वरातीचा घोडा अंधारात, बँडवाले अंधारात. शेवटी नवऱ्या मुलाचे वडील रिक्षा करून दारात आले. अक्का जेवायला बसल्या होत्या. म्हणाल्या, बसा, भाकरी संपली की येते, तुमी पण घ्या घास. त्या माणसानं खरंच ताट घेतलं. आणि अंबाडीची भाजी इतकी आवडली म्हणे की पुढच्या लेकीच्या लग्नाचं लायटिंगही अक्कांनाच दिलं. मामाला मात्र अक्कांनी शिडी धरायला लावली.

ही गोष्ट त्या रंगवून सांगायच्या. दुसरी एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, शेंगा फोडता फोडता, मान वर न करता. सांगोल्याकडं एका लग्नाचा मांडव होता. अक्कांचा नवरा खांबावर, खाली बटण बंद. मंडपात अंधार का म्हणून कुण्या पाहुण्यानं ते चालू केलं. वाईट मनात काही नव्हतं त्याच्या, त्याला उजेड हवा होता. अक्का खाली माळ सोडवत बसल्या होत्या. एवढंच. शेंगांची टरफलं गोळा करून त्या उठल्या. त्यानंतर मी त्यांच्या चंचीवर कधी हसले नाही.

तर आमच्याकडं हे आता रोज पाण्यात चालायला लागले. रेश्मा बाजूला, नजर खाली, एक-एक पाऊल. पायऱ्यांपासून धबधब्यापर्यंत आणि परत. अक्का दर शुक्रवारी यायच्या, पेटी तपासायच्या, पाण्याला हळद-कुंकू वाहायच्या, ह्यांना चिडवायच्या. सर, आज पाय पास का नापास? हे म्हणायचे, काठावर पास.

आता बिराजदार काकूंच्या गच्चीवरून आमचं अंगण दिसतं. त्यांनी आधी ह्यांना चालताना बघितलं, मग अक्कांना पूजा करताना. दोन्हीची गाठ त्यांनीच मारली. पुढच्या शुक्रवारी हळदीचा करंडा घेऊन दारात हजर, होड्यांची चेष्टा विसरून. त्यांचा गुडघा दुखायचा. पाण्याला हळद वाहिली, तळहातानं पाणी गुडघ्याला लावलं, म्हणाल्या, उतरलं बघा. दुखणं उतरलं का नाही देव जाणे, पण बातमी पसरली. सरांचे पाय त्या पाण्यानं परत आले. मग बायका यायला लागल्या. कुणी हळद, कुणी कुंकू, कुणी नारळाचं पाणी, कुणी पानावर तेलाची पणती सोडायची. मला नाही म्हणवेना. ज्या बायका कालपर्यंत टोमणे मारत होत्या त्या ओटी घेऊन येतायत, कोण नाही म्हणेल? नवरात्रात तर अक्कांनी स्वतः बतुकम्मा आणली. तांबड्या-पिवळ्या फुलांचा रचलेला देखणा मनोरा. त्यांच्याकडची पद्धत, फुलांची देवी शेवटी पाण्यात सोडायची. आमच्या तलावात ती सोडली तेव्हा सगळ्या बायका टाळ्या वाजवत फेर धरून नाचल्या. धबधब्याच्या आवाजात त्यांची गाणी. हे खिडकीत बसून बघत होते. मला तो दिवस अजून आठवला की बरं वाटतं.

आणि त्याच सुमाराला उजेड उतरायला लागला.

पहिल्यांदा ह्यांनाच कळलं. तलावाच्या मध्यावर थांबले. रेश्मा म्हणाली, चला की आजोबा. हे म्हणाले, पाय दिसत नाही. आम्ही म्हटलं दमले असतील. दुसऱ्या दिवशी त्याच्याही अलीकडं थांबले. मग पुन्हा दुसऱ्या पायरीवर. दिवाळी तोंडावर आलेली आणि ह्यांनी एका संध्याकाळी टॉवेल खांद्यावर टाकून सांगितलं, आजपासून राहू दे, महेशला सांग खुर्ची बघायला. आवाज न चढवता सांगितलं, त्यानंच मला धडकी भरली.

मी चपला न घालताच अक्कांकडं गेले.

अक्का आल्या. फ्यूज चंचीत. दिव्याच्या मागं बघायला लागल्या. वायर हातानं चाचपत पेटीपर्यंत, पेटीतून बोर्डापर्यंत. जोड सोडले, खरवडले, पुन्हा बांधले. पेटी उघडली, पुसली, लावली. उजेड तेवढाच. दुसऱ्या दिवशी वायरच बदलली. तेवढाच. चहा परत जात राहिला. पंप बघितला, बोर्डातला खटका बदलला, गल्लीतला खांबसुद्धा बघून आल्या. महेशचा फोन आला, म्हणाला, अक्का, काचा बघितल्यात का, मी आधीपण म्हणत होतो. अक्का घुश्शात होत्या. म्हणाल्या, "काच तुझ्या आईनं मागच्या टायमाला पुसली, काय झालं? तू तुझं ऑफिस बघ बाळा, लाईट माझी हाय." आणि फोन माझ्या हातात दिला.

ह्या दिवसांत त्यांनी गजरा घातला नाही. मी बघितलं, पण विचारलं नाही.

शेवटी एका सकाळी त्यांनी पाणी उतरवून एक अख्खा दिवाच भिंतीतून काढला आणि ओट्यावर उन्हात ठेवला. कशासाठी, तर त्याच्या मागचं रबर बघायला. रबर ठीक होतं. त्यांनी दिवा सुलटा केला. काच पिवळी धमक. पितळेची वाटी असावी तशी. अक्कांनी नखानं खरवडलं. जाड साय निघाली, तेलकट, खाली क्षाराचा खरखरीत थर. नख नाकाशी नेलं. मग त्या ओट्यावर बसल्या.

मी म्हटलं, "काय झालं अक्का?"

त्यांनी ते बोट माझ्या नाकापाशी धरलं. हळद. हळद आणि तेल.

"माझीच हाय की वैनी," अक्का म्हणाल्या. "पयली चिमूट मीच टाकली." आणि एवढं बोलून त्यांना जे हसू फुटलं, ते पदरात मावेना. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "आयुष्यभर दिव्याच्या मागं बघा, मागं बघा म्हनून वरडले. पुढं बघायचं ऱ्हाऊनच गेलं की."

मला म्हणाल्या, फोन लावा महेशला. मी म्हटलं जाऊ द्या अक्का, त्याच्या ध्यानातही नसेल. नाही म्हणाल्या. फोन लावला. "बाळा, नागमणी बोलतेय. काच व्हती. तुझं बरोबर, माझं चुकलं." पलीकडून तो काहीतरी संकोचानं बोलत होता, ते न ऐकताच त्यांनी फोन ठेवला आणि मला चिंच मागितली. चिंचेचा कोळ लावून लावून काचा घासल्या, देवाची भांडी घासतो तशा. दुपारभर आम्ही दोघी तेच करत होतो. हे खिडकीतून म्हणाले, देवीला आंघोळ घालताय का? अक्का म्हणाल्या, देवीला न्हाय, देवीच्या भगताला.

पण काचा घासून भागणार नव्हतं, शुक्रवार पुढं उभा होता. मला काळजी पडली बायकांना कसं सांगायचं. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, स्वतःचं काम झालं, आता देव नको. अक्कांनी माझ्या माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढायला लावलं, लखलखीत केलं, तुळशीपाशी ठेवून तलावाच्याच पाण्यानं भरलं, कडेला समई लावली. आणि स्वतः घंगाळाशेजारी पाट टाकून बसल्या, नवी साडी, भरगच्च गजरा, टेस्टर जागच्या जागी. जी बाई येईल तिला घंगाळ दाखवायच्या. हळद हितं, कुंकू हितं, पणती हितं.

बिराजदार काकू सरळ ऐकणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "सुरुवात तुमीच केली की अक्का. आता देवाला हळद चालंना झाली व्हय?"

"देवाला चालती," अक्का म्हणाल्या. "दिव्याला चालत न्हाय. मीच सुरू केलं, मीच बंद करतेय. त्या पाण्यात सरांना त्यांचा पाय दिसाय पायजे काकू. तुमच्या गुडघ्याला हे घंगाळातलं लावा, त्येच पाणी हाय."

काकू जरा घुटमळल्या. मग वाकून घंगाळात हळद वाहिली, पाणी गुडघ्याला लावलं. म्हणाल्या, बरं वाटतंय. त्या संध्याकाळी ह्यांनी टॉवेल उचलला आणि स्वतःहून पायऱ्या उतरले. अक्कांनी ओट्यावर बसून चहा घेतला, पाठोपाठ दोन कप. साठलेले म्हणाल्या.

दिवाळी झाली. थंडी पडली. एक दिवस अक्का नवे दिवे घेऊन आल्या, आधीपेक्षा लहान. म्हणाल्या जुन्यांच्या रबराचा भरवसा नाही. लावले तर उजेड जरा कमी. मी म्हटलं तसं, तर म्हणाल्या ह्यांचा उजेड मऊ असतोय वैनी, डोळ्याला बरा. काही दिवसांनी मला तो आणखीच मऊ वाटायला लागला. काच मी स्वतः पुसत होते, हळदीचा कण नव्हता. अक्कांना बोलावलं. आल्या, फ्यूज काढला, चंचीत घातला, काहीतरी केलं, फ्यूज लावला. उजेड तेवढाच, उलट कमी. आणि अक्कांनी चहा मागितला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. लाईट नीट झाल्याशिवाय चहा न घेणारी बाई. पण मला वाटलं, वय झालं अक्कांचं. श्वास लागायचा त्यांना हल्ली. जिने चढताना मध्ये थांबायच्या आणि थांबलोय असं दिसू नये म्हणून तिथल्या बल्बकडं बघत उभ्या राहायच्या. लेक हैदराबादला बोलावत होती. मी मनात म्हटलं, आता त्यांना दिसत नसेल, हातातली कला जात असेल, कशाला बोलून दुखवायचं. रेश्माला सांगितलं तर ती म्हणाली, असू द्या आजी, चाललंय ना चांगलं. आणि चाललंच होतं. हे धबधब्यापर्यंत जायचे, खांद्यावर पाणी घ्यायचे, परत यायचे. खाली बघायचं त्यांचं कमी झालं होतं. ते माझ्या ध्यानात आलं नाही, मी दिव्यांकडं बघत होते.

गड्डा झाला, आणि अक्कांनी माळा, शिडी, सगळं त्यांच्या एका पुतण्याला देऊन टाकलं. हैदराबादला निघायच्या आदल्या संध्याकाळी निरोप घ्यायला आल्या. शर्ट नव्हता. हिरवी काठाची साडी, मोगरा, आणि टेस्टर. हे आणि रेश्मा पाण्यात उतरायच्या तयारीत होते. अक्का नेहमीसारख्या पेटीकडं गेल्या, बघितलं-न बघितलंसं केलं, आणि काठावर येऊन बसल्या. ह्यांना म्हणाल्या, सर, माढ्याच्या शाळेतलं काहीतरी सांगा, जाताना ऐकून जाते.

मी भजी तळायला आत गेले. आतून ह्यांचा आवाज येत होता. शाळेत एकदा तपासणीला साहेब आले आणि वर्गात शेळी शिरली ती गोष्ट. ही गोष्ट सांगताना हे हातवारे करतात, पूर्वी वर्गात करायचे तसे. अक्का मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या. शेळी कुणाची व्हती? साहेब काय म्हणाले? पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, येरझाऱ्यांचा. मी ताटली घेऊन बाहेर आले तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. शेजारच्या खिडकीचा उजेड भिंतीवर पडला होता तेवढाच. पाणी काळंभोर.

मी म्हटलं, "अक्का, जाता जाता तेवढं लाईटचं बघा हो. आज तर काहीच दिसत नाही."

अक्का पाण्याकडं वळल्या. "सर, वैनी काय म्हंतात ऐका. दिसत न्हाय म्हणे."

हे मध्यावर होते. रेश्मा त्यांच्यापासून दोन हातांवर, हात मागं बांधून उभी. ह्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, मग अक्कांकडं. नुसता धबधब्याचा आवाज. मला वाटलं आता घाबरतील, दांडा शोधतील. ह्यांनी डावा पाय उचलला. पाण्यावरून मला तो दिसत नव्हता, त्यांनाही दिसत नव्हता. ठेवला. मग उजवा. तसेच पायऱ्यांपर्यंत आले, वर चढले, आणि पहिल्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "फरशी गार आहे गं." गारवा कळला होता तो डाव्या पायाला.

माझ्या हातातली ताटली रेश्मानं घेतली, बरं झालं.

अक्कांनी चंचीची दोरी सोडली, आत हात घातला आणि पांढरा फ्यूज माझ्या तळहातावर ठेवला. त्यांच्या अंगाच्या उबेनं तो कोमट झाला होता. दिवाळीपासून हळूहळू उजेड कमी करायचं त्या दोघींनी मिळून ठरवलं होतं, रेश्मानं डॉक्टरांना विचारून. मला सांगितलं नव्हतं, कारण मला सांगितलं असतं तर मी ह्यांना सांगितलं असतं, आणि ते खरंच आहे.

"आता च्या द्या," अक्का म्हणाल्या. मी म्हटलं, लाईट कुठं लागलीय अजून. म्हणाल्या, आज चालतंय.

उन्हाळा लागायच्या आत हैदराबादहून त्यांच्या लेकीचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाली. हे बातमी ऐकून उठले, काठी घेतली आणि मागच्या अंगणात फेऱ्या घालत राहिले. आता ते फरशीवर काठीनं चालतात. तुळशीपाशी घंगाळ आहे, शुक्रवारी बायका येतात, काकूंचा गुडघा अजून दुखतो.

पण अक्का म्हटलं की मला त्या दिसतात निरोपाच्या संध्याकाळी, मागच्या दारातून जाताना. गल्लीतल्या खांबाखाली पोचल्या, आणि सवयीनं त्यांचा हात कमरेला गेला. चंची चाचपली. थबकल्या, मागं वळून आमच्या अंगणाकडं बघितलं. मी दारात उभी होते, मूठ वर करून दाखवली, फ्यूज माझ्याजवळ आहे म्हणून. मान हलवली त्यांनी. मग अंबाड्यातला टेस्टर जरा नीट खोचला आणि गेल्या.